वीस ग्रॅमचं खोटं

मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे, वजन करतो तो. लोखंडी बैठक, वर पितळी पारडं, समोर गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी लाल सुई, असा माझा थाट. मित्रांनो, या उतारवयात माझ्याकडून खोटं बोललं गेलं. एकदा नव्हे, दोनदा. ते कसं घडलं हे माझं मलाच अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता उलगडलं तर बरंच होईल.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवणाऱ्या कारागिराने माझ्यावर शंभर ग्रॅमचं वजन तीनदा ठेवून पाहिलं. तिन्ही वेळा सुई अचूक रेषेवर आली. "हा बोलेल ते खरं," असं म्हणून त्याने माझ्या बैठकीखालचा छोटा स्क्रू घट्ट केला. ते वाक्य मी आयुष्यभर जपलं. एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी बावीस वर्षं टपाल तोललं. जाड पाकिटं, पातळ पाकिटं, कोपरे दुमडलेली पाकिटं. कुणी माझ्याशी हुज्जत घातली नाही. मग एके दिवशी विजेवर चालणारा काटा आला. त्याच्यावर आकडे आपोआप उमटत. सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी कपाटावर गेलो. तिथे तीन वर्षं धूळ खात पडलो. एवढा काळ कुणी काही विचारलं नाही की आपल्याला अजून येतं का, अशी शंका येऊ लागते. मलाही आली.

तिथून मला खाली उतरवलं ते त्याच टेबलावर काम करणाऱ्या ताईने. तिला घरी पोपट तोलायला काटा हवा होता. पोपट! मी चक्रावलोच. पोपट कुठल्या पत्त्यावर पाठवायचा असतो?

घरात ताई, तिची धाकटी बहीण आणि पोपट, एवढीच मंडळी. पोपटाला दोघी साहेब म्हणत, कारण सकाळी बाहेरच्या खोलीतल्या पिंजऱ्यावरचं फडकं काढायला उशीर झाला की ते जोरात खडसावत. दारावरची घंटा, फोन, नळ, कुणाचंही बोलणं, साहेब सगळे आवाज हुबेहूब काढत. ताई आठला घर सोडी, ती साडेसहाला परते. धाकटी चष्म्यांच्या दुकानात होती. ती साडेनऊला निघे आणि ताईच्याही नंतर येई. मधला सगळा दिवस साहेब, वाटी आणि पाणी. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "नुसत्या सूर्यफुलाच्या बिया नकोत, मिश्र धान्य द्या, भाज्या द्या. आणि रोज सकाळी वजन करा. दहा ग्रॅमने उतरलं तर लगेच घेऊन या. पक्षी आजारपण लपवतात, वजन लपत नाही."

म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलो. पहिल्या सकाळी साहेब ऐटीत माझ्या पारड्यावर चढले. एकशे अठ्ठावीस! ताई खूश, मी त्याहून खूश. जिवंत, ऊबदार वजन मी जन्मात पहिल्यांदा पेललं होतं. त्यांच्या छातीची धडधड माझ्या स्प्रिंगपर्यंत पोचत होती.

पुढच्या आठवड्यात आकडा एकशे पंचवीस झाला. मग एकशे एकवीस. मग एकशे सतरा.

मी गोंधळून गेलो. घरात उपासमार नव्हती. रोज सकाळी निघताना ताई मोठ्याने विचारी, "वाटी भरलीस का गं?" आणि बाहेरच्या खोलीतून धाकटीचा आवाज येई, "भरलीय!" नंतर निघताना धाकटीही पिंजऱ्यात डोकावे आणि स्वतःशीच म्हणे, "भरलेली आहे." रविवारी दोघी वरून आणखी मूठभर दाणे टाकत. मग भरल्या वाटीशेजारी बसून कुणी वाळतं का? वाटी खरी की मी खरा? माझी स्प्रिंग सैल पडली असेल, कपाटावरच्या धुळीने डोकं फिरलं असेल, असं मला वाटू लागलं.

ताईलाही तेच वाटलं. एकशे सतरा पाहून ती थबकली. बाहेर जाऊन वाटी पाहून आली. वाटी काठोकाठ होती. "म्हातारा झालास रे तू," ती मला म्हणाली, रागाने नव्हे, मायेनेच. मग साहेब पारड्यावर असतानाच तिने माझ्या बैठकीखालचा स्क्रू फिरवला. सुई हळूहळू एकशे अठ्ठावीसवर गेली. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला.

साहेब उतरले तेव्हा माझं पारडं रिकामं होतं आणि सुई अकरावर उभी होती. पण रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? नऊ दिवसांनी आकडा पुन्हा घसरला आणि तिने पुन्हा स्क्रू फिरवला. आता मी रिकाम्या पोटी वीस सांगत होतो. मला ओरडून सांगावंसं वाटे की हे माझे वीस आहेत, साहेबांचे नाहीत. पण मला कुठलं तोंड? आणि खरं सांगू, ताईच बरोबर असेल अशी आशाही होती. साहेब मात्र पारड्यावर येताना आता तोल सावरत. त्यांची धडधड मला पूर्वीसारखी लागत नव्हती.

त्यानंतर एका सकाळी ताईने चपला घालता घालता नेहमीप्रमाणे विचारलं, "वाटी भरलीस का गं?"

उत्तर आलं नाही.

"अगं, विचारतेय मी! भरलीस का?"

न्हाणीघराचं दार उघडून धाकटी केस पुसत बाहेर आली. "मी कशाला भरू? रोज तूच भरतेस ना?"

"मी? मी तर तुला विचारून निघते. तूच म्हणतेस ना, भरलीय?"

"ताई, मी या वेळी आत नळ सोडून असते. मला काही ऐकू येत नाही."

"मग रोज मला उत्तर कोण देतं?"

"साहेब!" दोघी एकदमच म्हणाल्या. त्या पिंजऱ्यापाशी गेल्या असाव्यात, कारण लगेच धाकटीचा घाबरा आवाज आला, "अगं, हे बघ कसे बसलेत! अंग फुगवून, डोळे मिटून."

"पण वाटी तर भरलेली आहे! आणि वजनही एकशे अठ्ठावीस आहे, कालच पाहिलं मी," असं म्हणत ताई वाटी घेऊन ओट्यापाशी आली. मागोमाग साहेबांना छातीशी धरून धाकटी आली. दिवसभर चष्म्यांच्या काचा तपासणारी ती, तिची नजर बारीक. ती माझ्यासमोर वाकली.

"ताई, वर काहीच नाही आणि हा वीस दाखवतोय."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "तो स्क्रू... मीच फिरवला. दोनदा." तिने सुई शून्यावर आणली. साहेबांना पारड्यावर ठेवलं. एकशे आठ.

मग साहेबांना धाकटीकडे देऊन तिने ती भरलेली वाटी माझ्या पारड्यात ओतली. सुई आठच्या पुढे जाईना. "वाटीभर दाणे आणि आठ ग्रॅम? बिघडलाच गं हा!" तिला रडू फुटलं. तिने सोडलेल्या श्वासासरशी पारड्यातला ढीग उडाला. ओटाभर, जमिनीवर, तिच्या पदरावर टरफलंच टरफलं. साहेब दाणा सोलून आतला गर खात आणि टरफल पुन्हा वाटीत टाकत. इतके दिवस दोघींनी पाहिली ती टरफलांनी भरलेली वाटी. माझ्या पारड्यात शेवटी चौदा दाणे उरले.

माझं खरं ठरलं होतं, तरी मला काडीचाही आनंद झाला नाही. मला फक्त साहेबांची काळजी वाटत होती.

दोघींनी त्या दिवशी रजा टाकली. ताईने मलाही पिशवीत घेतलं. डॉक्टरांच्या काट्यावर एकशे आठ, माझ्यावरही एकशे आठ. "तुमचा काटा चोख आहे," डॉक्टर म्हणाले. "त्याचं ऐकलं असतंत तर दोन आठवडे आधी आला असतात. आणखी दोन दिवस गेले असते तर माझ्या हातात काही नव्हतं."

आता आदल्या संध्याकाळी गाजर, पालक, मटार चिरून डबा फ्रिजमध्ये तयार असतो. सकाळी साहेबांना आधी ती भाजी आणि उकडलेलं धान्य मिळतं. निघण्यापूर्वी ओलं उरलेलं काढून टाकतात, कारण बंद घरात ते आंबतं. वाटी पूर्ण रिकामी करून, पुसून, माझ्यावर तोललेले दाणे तिच्यात घालतात. नोकरी दोघींची तीच आहे, घड्याळही तेच आहे. एकशे आठवरून एकशे सव्वीसवर यायला साहेबांना दीड महिना लागला.

मित्रांनो, तुमच्यावर कुणाचं पोट अवलंबून असेल तर भरलेल्या वाटीवर एकदा फुंकर मारून पाहा. आणि माझ्यासारखा कुणी नकोसा आकडा सांगू लागला तर त्याचा स्क्रू फिरवू नका. तो चुकत असेलही. पण आधी त्याचं रिकामं पारडं बघा.

परवा संध्याकाळी ताई माझ्याजवळ गाजर चिरत होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "फूऽऽ". धाकटीने वाटी पाहिली वाटतं, असं पुटपुटून ती चिरू लागली. मग तिचा हात थांबला. सुरी ठेवून ती धावत बाहेर गेली. धाकटी अजून दुकानातून यायची होती.

मला तिची खरी फुंकर ऐकू आली. वाटी हातात घेऊन ती ओट्यापाशी आली, तेव्हा तिच्यात तीन दाणे होते. ती माझ्यासमोर वाकली. सुई शून्यावर होती.