पार्सलखोलीचं दार

पोस्टात त्या दोघींना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या बहिणी नव्हत्या. तिकिटांची खिडकी थोरलीची, शेजारची रजिस्टर पत्रांची धाकटीची, आणि अकरा वर्षं एकीच्या डब्यात दुसरीचा हात. साहेब म्हणायचे, "या दोघींच्या मध्ये भिंत घातली तर पोस्टच बंद पडेल."

सात वर्षांपूर्वी एका सकाळी एक माणूस बंदूक घेऊन आत शिरला आणि त्याने रांगेतल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. नऊ जण गेले. त्यांत धाकटी होती. थोरली वाचली.

त्यावर टीव्हीसाठी सिनेमा करायचं ठरलं, तेव्हा एक लेखिका थोरलीकडे आली. तिला थोरलीने काही लपवलं नाही.

"मी पार्सलखोलीत पळाले. शिपाई होता, तीन गिऱ्हाइकं होती. मीच आतून कडी घातली. मग दारावर थाप पडली. 'ताई, उघड, मी आहे.' शिपाई उठला तर मी त्याचा हात धरून ठेवला. वाटलं, तो माणूस तिच्या मागेच असणार. ती ठोठावत राहिली. मग गोळीचा आवाज आला."

लेखिकेने सगळं लिहून घेतलं आणि जाताना डोळे पुसले.

रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला. थोरली एकटीच बघत बसली होती. सिनेमातली थोरली दार उघडं धरून उभी होती. "ये, लवकर ये," म्हणत तिने हात पुढे केला, आणि धाकटी दोन पावलांवर असताना कोसळली. दार कुणी ठोठावलंच नाही.

थोरलीने टीव्ही बंद करून लेखिकेला फोन लावला. "मी असं सांगितलं होतं का?"

"नाही," लेखिका म्हणाली. "पण खरं दाखवलं असतं तर लोकांनी तुम्हाला जन्मभर नावं ठेवली असती. मला ते करवेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. तो शिंपी होता, मितभाषी. सात वर्षांत त्याने आपणहून फोन केला नव्हता.

"ताई, काल पाहिलं. तुम्ही शेवटपर्यंत दारात होतात. कधी बोलला नाहीत ते."

"भावोजी, मी दुपारी येते," एवढंच थोरली म्हणाली.

दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. तो शर्टाची बाही जोडत होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं, पण ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, कडीपासून शेवटच्या आवाजापर्यंत. मशीनवरचा त्याचा पाय कधी थांबला ते तिला कळलं नाही.

"तिला ताब्यात दिलं तेव्हा मी तिचे हात पाहिले होते," तो म्हणाला. "बोटांचे सांधे सोलवटलेले. ती काहीतरी ठोठावत होती, एवढं समजलं होतं. आत कोण होतं, हे विचारायचा धीर झाला नाही."

"मग सकाळी फोनवर..."

"काल दार उघडं दिसलं. म्हटलं, असंच असेल. खूप दिवसांनी झोप लागली."

थोरली खाली बघत राहिली. "मला शिव्या तरी द्या, भावोजी."

"देऊन काय होणार? मी आत असतो तर उघडलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण माफ केलं, असंही तोंडातून निघत नाही. खोटं कशाला बोलू?" मग त्याने विचारलं, "माझं नाव घेतलं का तिने?"

"नाही. मलाच हाका मारत होती."

त्याने मान हलवली. गळ्यातली टेप काढून त्याने ती बोटांभोवती गुंडाळली, परत सोडली. "पोरीला यातलं काही कळू देऊ नका. काल रडली, पण नंतर नीट जेवली. आईला कुणीतरी हात दिला, एवढं तिच्यापाशी राहू द्या."

तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली. थोरलीला पाहताच तिने पिशवी खाली टाकली आणि येऊन गळ्यात पडली. उंचीने आता आईएवढी झाली होती.

"मावशी, तुम्ही हात पुढे केलात, तो आईने पाहिला असेल ना?"

थोरलीने तिच्या खांद्यावरून शिंप्याकडे बघितलं. तो सुईत दोरा ओवायला खाली वाकला होता, आणि दोरा जात नव्हता.

"पाहिला असेल, बाळ," थोरली म्हणाली.

मुलीने तिला स्टुलावर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. चहा आला तेव्हा थोरलीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण पोरगी समोर उभी राहून तिच्याकडे मायेनं बघत होती.