पंख आखूड काहून?

अमरावतीच्या विद्यापीठात अश्लेषा पिसं असलेल्या शिकारी डायनोसॉरवर पीएच.डी. करत होती. जीवाश्म परदेशातल्या संग्रहालयांत होते. तिच्याजवळ फोटो आणि छापील मापं. हाताच्या लांबीला पायाच्या लांबीने भागायचं, एवढंच गणित. नात्याने पक्ष्यांच्या जवळ जावं तसा हा आकडा बहुतेक वाढत जातो, हात लांबत जाऊन पंख व्हायला लागतो. फक्त तिच्या यादीतला सत्तावीस नंबरचा प्राणी, कोंबडीएवढा, पक्ष्यांचा अगदी जवळचा नातेवाईक असून आखूड हातांचा निघाला होता.

‘या घराण्यात हात पुन्हा आखूड झाले,’ असं तिने चौथ्या प्रकरणात लिहून टाकलं. नवीन काहीतरी सापडल्याचा आनंद इतका होता की तिने दोनदा घरी फोन करून सांगितलं.

मार्गदर्शक कमलाकांत सरांनी पानं वाचून विचारलं, “एकाच जातीच्या जिवंत पक्ष्यांत हा आकडा किती फिरतो, पाहिलंस?”

पाहिलं नव्हतं. म्हणून रविवारी ती धामणगावला गेली. तिथे तिची मैत्रीण पौर्णिमा हिच्या आईकडे, गोदाबाईंकडे, गावरान कोंबड्या होत्या. गोदाबाई एकेक कोंबडी धरत आणि अश्लेषा पंखाचं नि तंगडीचं हाड चाचपून मोजपट्टी लावे. अकरा कोंबड्या झाल्या. आकडा जवळजवळ सारखाच. म्हणजे सत्तावीस नंबर खरंच वेगळा; अश्लेषा खूश झाली.

“मोठ्याच मोजून राहिली तू,” गोदाबाई म्हणाल्या. “पिल्लं कोण मोजीन?”

“पिल्लांचं काय मोजायचं, मावशी? त्यांचे पंख अजून झालेच नाहीत.”

“तेच तं मी म्हणून राहिली. पिल्लू पयले पायावर पळते, पंख मागून येतात. तुया त्या जनावराचं वय किती व्हतं?”

सत्तावीस नंबरचं वय तिने कुठे पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका कोंबडीखालून आठ पिल्लं निघाली. त्यांच्या पायांना रंगीत दोरे बांधून अश्लेषा पुढचे पाच रविवार येत राहिली. एक पिल्लू मुंगसाने नेलं, सात उरली. तिसऱ्या रविवारी ती मोजायचंच विसरली. गोठ्याला टेकवलेल्या तिरप्या फळीवर पिल्लं चढत होती, आणि चढताना बोटभर पंख जीव तोडून हलवत होती.

“उडता येत नाही, मग फडफड कशाला?”

“चढाले जोर भेटते त्याईले,” गोदाबाई म्हणाल्या. “फळी सपाट ठेव, कोणी पंख हालवणार नाई.”

अश्लेषाने फळी जमिनीवर ठेवून पाहिली. खरंच, पिल्लं नुसती पळाली.

पाच आठवड्यांत सातही पिल्लांचा आकडा वर चढला. पहिल्या रविवारचा आकडा सत्तावीस नंबरच्या शेजारी जाऊन बसत होता.

तिने संग्रहालयाला पत्र लिहिलं: मोठ्या वयात जुळतात ते मणक्यांचे सांधे या प्राण्यात जुळले आहेत का? नऊ दिवसांनी उत्तर आलं. जुळलेले नव्हते; झाडाच्या खोडात वर्षाचं वर्तुळ उमटतं तशी पहिल्या वर्षाची खूणही हाडाच्या कापात दिसत नव्हती. प्राणी पिल्लू होता.

त्या दिवशी ती जेवली नाही. आठ महिन्यांचं प्रकरण, आणि त्यातलं मुख्य वाक्यच चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच त्यावर काट मारली आणि पानं सरांपुढे ठेवली.

“मग चौथ्या प्रकरणात काय?” सरांनी विचारलं.

“पिल्लं,” ती म्हणाली. “हात कोणत्या वयात लांबतात, आणि उडता येण्याआधी ते कशासाठी वापरायचे. आणखी लहान वयाचे जीवाश्म कुठे कुठे आहेत, ते मी विचारलंय.”

सर पहिल्यांदाच मोकळं हसले.

धामणगावला जाऊन तिने गोदाबाईंना सगळं सांगितलं, फोनवर त्या दगडातल्या पिल्लाचा फोटो दाखवला. गोदाबाईंनी चष्मा लावून हातांजवळचे पिसांचे ठसे बराच वेळ पाहिले.

“माय त्याची अंड्यावर बसे का?”

“त्याच्या काही भाऊबंदांत मोठे प्राणी अंड्यांवर बसलेले सापडलेत.”

“माय बसे, का बाप?”

अश्लेषाने वही उघडली. “ते मला वाचून पाहावं लागेल, मावशी.”