दोरीला लोंबकळणारा बुटका

मी एक जुना पट आहे. सारीपाटाचा लांबचा भाऊबंद म्हणा हवे तर. अंग रेक्झिनचे, त्यावर बोटभर चौकटी, बाकी सगळे कोरे. हे कोरेपण हाच माझा गुण होता, मित्रांनो. पाण्याने पुसणाऱ्या शाईने माझ्यावर गुहा काढा, किल्ला काढा, खेळ संपला की ओले फडके फिरवा, मी पुन्हा नवा! आता तसा राहिलो नाही, ती गोष्ट पुढे सांगतो.

विस्कॉन्सिनमधल्या एका गावात लोवेलने मला घरी आणले. तो कागदाच्या गिरणीत कामाला होता, पण हाडाचा गोष्टीवेल्हाळ. दर रविवारी दुपारी त्याच्या तळघरात तिघे जमत: गाईंचा गोठा असलेला ड्वेन, इस्पितळातली नर्स आर्लीन आणि शाळामास्तर व्हर्नन. लोवेल गोष्ट सांगे आणि हे तिघे त्या गोष्टीतली माणसे होत. आर्लीन चेटकीण, व्हर्नन भामटा, आणि सहा फुटी ड्वेन हट्टाने बुटका लढवय्या. त्याचा शिशाचा बाहुला माझ्यावर मोठ्या झोकात उभा राही. कुणी दरीवरून उडी घेतो म्हणाले, की लोवेल मनात एक आकडा धरी. वीस बाजूंच्या फाशावर तेवढे किंवा त्याहून जास्त पडले तर पार, नाहीतर गेलात खाली. आकडा आधी सांग म्हणून ड्वेन गळ घाली, पण लोवेलने तो कधी कुणाला सांगितला नाही.

काय दिवस होते ते! माझ्यावर चीज सांडे, कॉफी सांडे, आणि उठण्याआधी आर्लीन मला निगुतीने पुसून काढी. पुरुषांवर तिचा त्या बाबतीत विश्वास नव्हता. चार वाजले की ड्वेनला धार काढायला पळावे लागे. गाईंना ड्रॅगनशी काही देणे-घेणे नाही, असे तो म्हणे.

एका नोव्हेंबरात खेळ ऐन रंगात आला होता. लोवेलने निळ्या शाईने पूल काढला, ड्रॅगनने तो तोडला, आणि बुटका दोरीला लोंबकळू लागला. तेवढ्यात इस्पितळातून फोन आला म्हणून आर्लीन गेली. ड्वेन फासा टाकणार, तोच लोवेलने त्याचा हात धरला.

"आर्लीन नाहीये. पुढच्या रविवारी टाक. चौघं असल्याशिवाय काय मजा? आणि पट पुसू नका, पूल राहू दे असाच."

मीही हुरळलो, खोटे कशाला बोलू? एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

पुढच्या रविवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि सगळे गाव रानात गेले. मग व्हर्ननच्या मुलींचे बर्फावरच्या हॉकीचे सामने आले, मग आर्लीनला रविवारची पाळी लागली. लोवेल भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने तारीख लिही आणि खोडी. फेब्रुवारीत एकदा आर्लीन आणि व्हर्नन आले, तर ड्वेनची गाय विताना अडली म्हणून तो गोठ्यातच राहिला. व्हर्नन म्हणाला, आर्लीनने टाकावा त्याचा फासा, त्यात काय एवढे!

"माणूस धडधाकट असताना त्याचा फासा दुसऱ्यानं टाकायचा?" लोवेल म्हणाला. "नाही बुवा."

तिघांनी घेवड्याचे तिखट कालवण खाल्ले, मुलाबाळांची चौकशी केली आणि घरी गेले. जाताना आर्लीनने ओले फडके घेऊन माझा एक कोपरा घासून पाहिला. निळा रंग जागचा हलला नाही.

"मुरली रे शाई," ती म्हणाली. "आता नाही निघायची."

मग व्हर्ननची बदली झाली. आर्लीनची आई अंथरुणाला खिळली. लोवेल मधूनमधून खाली येई, बाहुल्यावरची धूळ फुंकी, पण त्याला जागचा हलवत नसे. अशी अकरा वर्षे गेली. अखेर ड्वेनने गाई विकल्या आणि त्याच संध्याकाळी लोवेलला फोन केला, आता कुठलाही रविवार सांग. लोवेल म्हणाला, उन्हाळ्यात व्हर्नन येतोय, तेव्हा चौघे बसू. मला ओरडून सांगावेसे वाटले, अरे, दोघे आहात ना, बसा की! पण रेक्झिनला कुठली वाचा?

एप्रिलमध्ये लोवेल हृदयविकाराने गेला.

दफनानंतर त्याची बायको लोईस ड्वेनला म्हणाली, "खाली तुझं काहीतरी राहिलंय." तो एकटाच जिना उतरला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने फासा नुसता हातात घोळवला. मग माझ्यावर टाकला.

"चौदा," तो म्हणाला. "चालतील का रे, लोवेल?"

चौदा पुरले की नाही, हे ज्याला ठाऊक होते तो गावाबाहेरच्या दफनभूमीत होता. ड्वेन तसाच बसून राहिला. चार वाजले तसा सवयीने उठला, मग गाई नाहीत हे आठवून पुन्हा बसला.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. तिघे जमलात तर तिघे बसा, दोघे असलात तर दोघे. फासा हातात आला की टाकून मोकळे व्हा. आणि उठताना पट पुसा, कितीही सुंदर पूल काढलेला असो. माझ्यावरचा पूल अजून तसाच निळा आहे, आणि बुटका अजून दोरीलाच आहे.