हिरव्या टोपीतलं नाव

"थांब गं, अजून नाव नाही लिहायचं!" ग्लेनिसने टेगनच्या हातातलं मार्कर काढून घेतलं.

"का पण? माझीच आहे ना टोपी?"

"आत जाऊन येऊ. मग लिही. पाहिजे तर माझ्या कपाळावर लिही."

टेगन हसली नाही. नऊ वर्षांची पोर, पण मोठ्यांचे विनोद तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच दमून खाली बसत. तिने टोपी उलटी करून आत पाहिलं. टोपी रुंद काठाची होती, शाळेच्या हिरव्या रंगाची, मोठ्या झालेल्या पोरांनी परत दिलेली. आत पायपर हे नाव होतं, त्यावर काट. त्याखाली लॉकलन, त्यावरही काट.

ग्लेनिसच्या गाडीची डिकी म्हणजे एक छोटं दुकानच होतं. रॉकहॅम्प्टन शहरातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेचा शर्ट आणि टोपी तिथे घडी करून ठेवलेली असे. आईबापांपासून काढून सरकारने दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांना, वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना, कुठल्यातरी शाळेत घुसवायचं हे तिचं काम. त्यात तिची एक युक्ती होती. पोराला त्या शाळेचा गणवेश घालूनच मुख्याध्यापकांसमोर उभं करायचं. घरच्या कपड्यातल्या मुलाला 'जागा नाही' म्हणणं सोपं असतं. आपल्याच शाळेच्या टोपीखालून कुणी टकमक बघत असेल, तर तीच जीभ जरा अडखळते. आणि नियमही एकच: जागा पक्की झाल्याशिवाय टोपीत नाव लिहायचं नाही. काट मारायची पाळी येऊ नये, म्हणून.

"मिस," टेगन म्हणाली, "डार्सीच्या टोपीत नाव आहे. बिननावाची टोपी घालून गेले तर तो म्हणेल, ही खोटी आहे."

डार्सी तिचा भाऊ, पाच वर्षांचा. त्याला याच शाळेत पहिल्याच झटक्यात जागा मिळाली होती. लहान आणि गोड पोरं कुणालाही चालतात. सरकारने दोघांना रोंडाच्या घरी ठेवलं होतं. रोंडा मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, सकाळी डार्सीला शाळेत सोडून जायची ती तीनला सुटायची. टेगनला आज शाळा मिळाली तर टेगन रोंडाकडेच. नाहीतर उद्या तिची रवानगी टाऊन्सव्हिलला, दुसऱ्या घरी. डार्सी इथे, ही तिथे, आणि मध्ये अख्खा दिवसभराचा रस्ता.

ग्लेनिसने एक उसासा सोडला आणि मार्कर परत दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

टेगनने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत, मोठ्ठं नाव लिहिलं.

पटांगणातून जाताना कुंपणाजवळच्या घोळक्यातून किंचाळी आली. "टेगीऽऽ! ती बघा माझी ताई! तिच्याकडे पण हिरवी टोपी आहे!" डार्सी तोंडातल्या सॉसेज रोलसकट ओरडत होता. टेगनने टोपी काढून आतलं नाव त्याला लांबूनच दाखवलं. एवढ्या लांबून काय दिसणार होतं! शिवाय त्याला अजून वाचताही येत नव्हतं. पण त्याने दोन्ही अंगठे वर केले.

मुख्याध्यापक ग्रेग वाईट माणूस नव्हता, तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी ग्लेनिस मस्त भांडली असती.

"काय गं टेगन, आधीच्या शाळेत काय झालं होतं?"

टेगनने ग्लेनिसकडे पाहिलं. गाडीत ठरलं होतं, विचारतील तेवढंच सांगायचं. आता विचारलं होतं.

"मी काच फोडली. खुर्चीने."

"का?"

"डार्सीला न्यायला सरकारी गाडी आली होती. मला वर्गाबाहेर सोडत नव्हते."

 ग्रेग म्हणाला, "मी नाही म्हणत नाहीये, ग्लेनिस. हिला घेतो. पण सुरुवातीला रोज दोनच तास. नऊ ते अकरा. हिच्याबरोबर बसायला माझ्याकडे एकच बाई आहे, आणि ती अकराला जाते."

"आणि अकरानंतर? रोंडा कारखान्यात, घराला कुलूप. पोरगी काय पायरीवर बसून राहील?"

"माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्याच हातात आहे की रे, ग्रेग! पूर्ण दिवस घे. एक आठवडा. मी स्वतः येऊन बसते मागच्या बाकावर."

"तू? आणि तुझी बाकीची पोरं?"

बाकीची पोरं होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेर येऊन तिने ऑफिसला फोन केला. दुपारी सांभाळायला माणूस नाही, उत्तर आलं. मग रोंडाला. मागे यंत्रांचा खडखडाट होता. "मी काय करू, सांग ना!" रोंडा ओरडून बोलत होती, की रडत होती, कळत नव्हतं. "नोकरी सोडू? मग बारक्यालाही घेऊन जाल तुम्ही!"

टेगन शेजारीच उभी होती. फोन कानाला लावलेला असला, तरी रोंडाचा आवाज काय कानात मावणारा होता?

घंटा झाली होती, पटांगण रिकामं होतं. फक्त एक मॅगपाय पक्षी सॉसेज रोलचे तुकडे टिपत होता.

गाडीत बसल्यावर ग्लेनिस म्हणाली, "राणी, मी..."

"टाऊन्सव्हिलच्या शाळेची टोपी कुठल्या रंगाची असते?"

"निळी, बहुतेक."

"निळी माझ्याकडे आहे एक. पण ती वेगळी निळी असेल." टेगनने हात पुढे केला. "मार्कर द्या ना, मिस."

"अगं, ठेव ती तुला. राहू दे आठवण."

"नको. कुणालातरी लागेल."

तिने टोपी मांडीवर उलटी ठेवली आणि आपल्या नावावर एक रेघ मारली. खाडाखोड नाही, गिचमिड नाही, सरळ, एकच. मग टोपी तोंडाजवळ धरून ती शाईवर फुंकर घालत बसली, गाडी सुरू झाली तरी, पूल ओलांडून झाला तरी. पुढच्या मुलाच्या केसांना काळं लागू नये, म्हणून.