दोन बोटं माया

मी एप्रन बोलतोय. प्रयोगशाळेतला, लांब बाह्यांचा, पांढरा. म्हणजे आता पांढरा म्हणायची सोय राहिलेली नाही, पण ते पुढे सांगतो.

मला कोणी विकत आणलं नाही, मी घरचाच. माझ्या मालकिणीचे बाबा टेलर. लेकीला युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला आणि या गृहस्थांना आभाळ ठेंगणं झालं. गिऱ्हाइकाला आधी बातमी ऐकवायची, मग टेप लावायचा. त्या नादात एकाच्या पँटची उंची चुकली!

मला शिवताना त्यांनी शिवणींच्या आत दोन-दोन बोटं जादा कापड ठेवलं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. माप बदललं की उसवायचं आणि सैल करायचं. इथवर ठीक होतं. पण कौतुकाच्या भरात त्यांनी माझ्या खिशावर निळ्या दोऱ्यानं 'रसायनशास्त्र' असं भरून टाकलं. वर्ग खो-खो हसला. पोरीचं नावच 'पाटी' पडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगी हुशार, प्रयोग बिनचूक करायची, पण तिचा जीव रमेना. शेजारच्या इमारतीत भूगर्भशास्त्र. सुट्टी झाली की ही तिथल्या कपाटातल्या दगडांपुढे उभी, आणि परतताना मैदानातले खडे माझ्या खिशात. पहिल्या सहामाहीनंतर विषय बदलता येत होता. अर्जावर पालकांची सही हवी होती. तो अर्ज पंधरा दिवस माझ्याच खिशात पडून होता. शेवटची तारीख उद्यावर आली, तरी बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना.

शेवटी दुकानात येऊन तिनं मला टेबलावर टाकलं. "बाबा, हा खांद्यात घट्ट होतोय."

बाबांनी टेप लावला. "माप तर तेच आहे गं. मग घट्ट काय होतंय?"

तरी उसवायला घेण्याआधी त्यांनी सवयीनं खिसा रिकामा केला. तीन खडे आणि एक कागद निघाला.

"हे काय दगडधोंडे?"

"दगडधोंडे काय, बाबा! हा काळा बघा, ज्वालामुखीतून आलेला. आणि हा नदीनं घासून घासून..." जी सुरू झाली ती दहा मिनिटं थांबेना. बाबा ऐकतच राहिले. मग त्यांनी कागद उलगडून वाचला.

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसलाय..." म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

खोटं कशाला बोलू, बाबांचा चेहरा उतरला होता. बराच वेळ ते माझ्या खिशावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत बसले.

"वेडाबाई," ते म्हणाले, "माप बदलतं हे मला सांगायला एवढी घाबरलीस? तीस वर्षं दुसरं काय करतोय मी?" त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. "सही पेननं लागेल ना?"

सही झाली. मग त्यांनी एकेक अक्षर उसवलं. "आता काय भरू? भूगर्भशास्त्र?"

"काही नको, बाबा. राहू दे कोरा."

आज मी पार मातकट झालोय. मला दोन मोठे खिसे नवे लागलेत आणि ते कायम जड असतात. परवा बाबा एका गिऱ्हाइकाला ज्वालामुखी समजावत होते. पँटची उंची पुन्हा चुकली.

जुन्या अक्षरांची भोकं अजून दिसतात माझ्यावर, त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, आपल्या माणसासाठी काही शिवायला घ्याल तेव्हा आत दोन बोटं माया ठेवा. आणि खिशावर नाव घालायची घाई करू नका.