लाल फडक्यातली गाठ

मी कागदांचा एक जुना गठ्ठा आहे, मित्रांनो. देवळी गावात बंडोपंतांच्या देवघरातल्या फळीवर, लाल फडक्यात बांधलेला असे. माझ्यावर काय लिहिलं आहे, हे मला ठाऊक नव्हतं. कागदाला स्वतःला वाचता येत नाही.

लिहिलं ते बंडोपंतांच्या आजोबांनी, बापूसाहेबांनी. इंग्रजांच्या काळात ते गावोगावच्या शाळा तपासत. बैलांच्या दमणीतून जाता जाता पाखरं, किडे, गवतं न्याहाळत आणि मुक्कामाला माझ्यावर टाक चालवत.

एका दसऱ्याला त्यांनी मला फडक्यात बांधून पूजेला ठेवलं. पूजेच्या दिवशी पुस्तकं उघडायची नाहीत, दुसऱ्या दिवशी सोडायची, ही घरची रीत. पण दुसरा दिवस उजाडायच्या आत बापूसाहेब गेले. मग त्यांच्या हातची गाठ म्हणून ती कुणीच सोडेना. दरवर्षी मला हळदकुंकू मिळे, आपट्याची पानं मिळत. वाचणारा मिळत नसे. आत कागद खाणारी कसर शिरली होती, हे फक्त मला कळत होतं.

१९९८च्या दसऱ्याला बंडोपंतांची सून शरयू फळी पुसत होती. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. माझ्याखालून पिवळट भुगा निघाला.

“बाबा, कसर लागली. सोडलं नाही तर काहीच उरणार नाही.”

“आजोबाची गाठ आहे ते. माझ्या बापानं नाई सोडली, मी काऊन सोडू?”

बंडोपंतांच्या पत्नी सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “तुम्ही पूजा करा. कसर जेवून राह्यली तिकडं मजेनं!”

बंडोपंतांनी भुगा चिमटीत घेतला. चेहरा उतरला.

“बरं, उद्या सोडू. आज पूजा आहे.”

“आजोबाही उद्याच सोडणार होते ना, बाबा?”

बंडोपंतांनी मला खाली घेतलं. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनीच अडकित्ता मागवून ती कापली.

वरच्या पानांची चाळणी झाली होती. मधलं एक धड होतं. शरयू मोठ्याने वाचू लागली आणि मी जीव एकवटून ऐकू लागलो.

“लोक म्हणतात, सुगरण घरट्यात ओली माती लावते आणि तीत काजवा चिकटवून दिवा करते. आज विहिरीवरचं एक रिकामं घरटं उतरवून पाहिलं. माती खरोखरच आहे. काजवा...”

ती थांबली.

“काजवा काय? होता का नव्हता?” बंडोपंत पुढे सरकले.

“पुढचं पान नाही, बाबा.” तिने भुग्याने भरलेली ओंजळ दाखवली.

“मंग कळन कसं?”

 बंडोपंतांनी पायांत चपला सरकवल्या. “शेजारच्या नानाजीच्या विहिरीवर लटकून राह्यले खोपे. चाल, पाहू.”

“अवो, अन् पूजा?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“थांबते पूजा!”

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा गठ्ठा असेल, तर त्याला फुलं वाहण्याआधी तो उघडा. बापूसाहेबांना त्या घरट्यात काय दिसलं, हे आता मलाही सांगता येत नाही.