गाळणी आणि झडप

आमच्या गावाची इंटरनेट कंपनी म्हणजे मी, आस्गर आणि जुन्या डेअरीतल्या दोन खोल्या. दोन बड्या कंपन्यांकडून आम्ही जोडणी घेतो. एकीकडून कळलेल्या वाटा दुसरीला सांगायच्या नाहीत, नाहीतर त्यांची वर्दळ आपल्यातून वाहू लागते, एवढंच पथ्य. त्यासाठी राउटरवर गाळणी असते. जुलैतली ती दुपार. बार्लीचं कणीसही हलत नव्हतं. आस्गरनं नवा राउटर जोडला आणि गाळणी लावायची राहिली. त्या कंपन्यांतले लोक ओळखीचे, आमचं सांगणं ते कधी पडताळत नसत. राउटरनं हाक दिली, सगळे इकडून या, आणि अर्ध्या देशाची वर्दळ आमच्या पायवाटेवर कोसळली.

"बघ गं ग्यूडे, अख्खं डेन्मार्क कॉफीला आलंय आपल्याकडे," आस्गर हसत म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. त्यानं जोडणी तोडेपर्यंत गावाचा एकही निरोप बाहेर पडला नाही.

त्यातला एक गावातल्या ट्रोल्सच्या डुकरांच्या शेडनं त्याच्या फोनवर धाडलेला इशारा होता: फ्यूज उडाला, पंखे बंद. ट्रोल्स लांबच्या शेतात गवत कापत होता, खिशातला फोन मुका.

शेड पाहून तो आमच्याकडे आला तो पहार घेऊनच. एका घावात राउटर फुटला, दुसऱ्यात आस्गरचा खांदा. हाड मोडलेलं मी ऐकलं. मध्ये पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. आस्गरला कॉलर धरून त्यानं शेडपर्यंत फरफटत नेलं. मी मागून धावले.

श्वासासाठी डुकरिणी एकमेकींवर चढल्या होत्या. कान फाटलेले, तोंडाला रक्ताचा फेस. मेल्या त्या सुटल्या. अर्धमेल्या किंचाळत होत्या. ट्रोल्सनं जनावरं मारायचं पिस्तूल आस्गरच्या धड हातात कोंबलं.

"ह्या तू मारल्यास, आता तूच संपव. आणि डोळे मिटायचे नाहीत."

आस्गरनं एक मारली. दुसरी मारली. रक्त पुसायला मान वर केली, तर छताखाली हवेची झडप. वीज गेली की आपोआप उघडणारी. हिवाळ्यातला वारा नको म्हणून कुणीतरी निळ्या सुतळीनं आवळून बांधलेली, गाठींवर धूळ.

आस्गरनं पाहिलं. त्यानं पाहिलेलं ट्रोल्सनं पाहिलं. पहार त्याच्या मुठीतच होती. आस्गर पुढच्या डुकरिणीपाशी गुडघे टेकून बसला.

ट्रोल्सनं पिस्तूल काढून घेतलं.

"सर बाजूला," तो म्हणाला. "दवाखान्यात जा."

मी धावत जाऊन डेअरीपाशी लावलेली गाडी आणली, आस्गरला बसवलं. ती वळवताना मागे बार होत राहिले. मग थांबले. आरशात शेडच्या उघड्या दारातून दिसलं: ट्रोल्स शिडीवर चढून सुरीनं सुतळी कापत होता.